सेट तयार आहे का?

नर्सिंगच्या मुलींना शस्त्रक्रियेच्या उपकरणांची हाताळणी शिकवायची असली की मी त्यांना पहिल्या दिवशी ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, नेत नाही. रावेरजवळच्या एखाद्या केळीच्या पॅकहाउसवर नेते. मुली आधी हसतात. बहुतेक जणी केळीवाल्यांच्याच घरातल्या. घड, फणी, खोडवा हे शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतात. पण निर्यातीचा माल भरताना बघायला त्याही थबकतात. घडापासून फणी कापली की कापल्या जागेतून चीक गळतो. ती फणी लगेच पाण्याच्या टाकीत जाते. उशीर झाला तर चीक सालीवर वाळतो, काळा पडतो, आणि मग कितीही चोळा, डाग हटत नाही. पहिल्या टाकीनंतर तुरटीच्या पाण्याची दुसरी टाकी, मग निथळणं, वजन, तेरा किलोचा खोका. माल एका बाजूने आत येतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. भरलेला खोका कुणी परत चिकाच्या टाकीजवळून नेला तर मुकादम ओरडतो.

मग मी विचारते, आर्टरी फोरसेपच्या सांध्यात रक्त वाळलं तर काय होईल? उत्तर शिकवावं लागत नाही.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे : ऑपरेशन संपल्यावर टेबलावरून उचललेलं उपकरण पुढच्या पेशंटच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याचं काय होतं, कुणाच्या हातून होतं, आणि ते दर वेळी अगदी तसंच व्हावं म्हणून काय करावं लागतं. मोठ्या रुग्णालयात या प्रवासासाठी स्वतंत्र विभाग असतो, त्याला सीएसएसडी म्हणतात. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात त्याच विभागाचं नाव ‘मागची मोरी’ असतं. तिथे एक दगडी ओटा, एक ब्रश, एक उभा ऑटोक्लेव्ह आणि पंधरा वर्षं तेच काम करणारी एक मावशी असते. पुस्तक दोन्ही ठिकाणच्या माणसांसाठी आहे. लिहिताना मात्र डोळ्यांपुढे मावशी जास्त वेळा आली, हे मान्य करून टाकते.

ओटीतला वेळ कुठे जातो, असं सर्जनला विचारलं तर तो भूलतज्ज्ञाकडे बोट दाखवतो, भूलतज्ज्ञ वॉर्डकडे दाखवतो, वॉर्डची सिस्टर नातेवाइकांकडे. मोरीकडे कुणीच बघत नाही. मी एका दवाखान्यात ओटी इनचार्ज होते तेव्हाची एक सकाळ सांगते. आमच्याकडे सिझरचे दोन सेट होते. एक सकाळीच वापरून झाला. दुसरा उघडला, केस पार पडली. तेवढ्यात तिसरी बाई आली, बाळाचे ठोके घसरलेले. पहिला सेट ऑटोक्लेव्हमधून घाईने बाहेर काढला होता. गुंडाळी उघडली तर आतलं कापड ओलं. ओली गुंडाळी म्हणजे निर्जंतुक नसलेली गुंडाळी, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत शिरतात. शेवटी जनरल सेटमधली उपकरणं जुळवून काम भागवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली. पण भूल द्यायला सगळे तयार उभे असताना आम्ही तीन जणी कपाटं उघडत होतो, तो वेळ मी अजून विसरले नाही. त्या दिवशी कुणीच कामचुकारपणा केला नव्हता. चूक गणिताची होती आणि ते गणित कुणी मांडलंच नव्हतं.

ते मांडून बघू. धुणं आणि ब्रशने घासणं अर्धा तास. सुकवणं, सांधे तपासणं, मोजून बांधणं आणखी अर्धा तास. साध्या ऑटोक्लेव्हला १२१ अंशांपर्यंत तापायला वेळ लागतो. तिथे पोचल्यावर गुंडाळलेला सेट तीस मिनिटं राहायला हवा. मग सुकवणं, मग थंड होणं. बेरीज अडीच-तीन तासांवर जाते. आणि मध्येच वीज गेली, तापमान उतरलं, तर ती तीस मिनिटं पहिल्यापासून मोजायची. ‘वीस झाली होती, आता दहा देऊ’ हे चालत नाही. उन्हाळ्यात खानदेशात वीज कशी येते-जाते हे मी सांगायला नको. एक सिझर तासाभरात होत असेल आणि सेट दोनच असतील, तर तिसरी केस सर्जनच्या चपळाईवर नव्हे, ऑटोक्लेव्हच्या घड्याळावर चालते. अशा वेळी दुसरं टेबल घ्यावं, नवा दिवा घ्यावा अशा सूचना येतात. माझं मत विचाराल तर आधी तिसरा सेट घ्या.

हेच गणित सरकारने एका ठिकाणी फार स्पष्टपणे लिहिलं आहे आणि मला ते वाक्य या शास्त्राचं सार वाटतं. दुर्बिणीतून होणाऱ्या कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी केंद्राच्या निकषांत मर्यादा आहे : एका पथकाने एका दिवसात जास्तीत जास्त तीस शस्त्रक्रिया, आणि त्याही हाताशी तीन लॅपरोस्कोप असतील तर. तीन दुर्बिणी, तीस बायका. सर्जन किती अनुभवी आहे यावर आकडा ठरवलेला नाही. उपकरण दोन पेशंटमध्ये नीट धुऊन, जंतुनाशकात पूर्ण वेळ ठेवून परत यायला किती अवधी लागतो, यावर तो उभा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात एका सर्जनने एका दिवसात ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यातल्या अनेक जणी दगावल्या. मृत्यूचं कारण औषधं की संसर्ग, यावर बराच वाद झाला, त्यात मी इथे शिरत नाही. पण ८३ हा आकडा त्या निकषाशेजारी ठेवला की पुरेसं बोलतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. ‘टाक्याच्या कॅम्प’ला आमच्या भागातल्या बायका ट्रॅक्टर-जीपने जायच्या, ती पिढी अजून आपल्यात आहे, हे पान त्यांच्यासाठीही आहे.

शब्दांचा एक घोटाळा इथेच सोडवून घ्यायला हवा. मराठीत आपण सगळ्यालाच ‘निर्जंतुकीकरण’ म्हणतो. फरशी फिनाइलने पुसली तरी निर्जंतुकीकरण, सेट ऑटोक्लेव्ह केला तरी तेच, आणि सुरी उकळत्या पाण्यात घातली तरी तेच. या पुस्तकात तीन शब्द वेगळे ठेवले आहेत. ‘धुलाई’ म्हणजे डोळ्यांना दिसणारी आणि न दिसणारी घाण पाण्याने, ब्रशने, एंझाइमच्या द्रावणाने काढून टाकणं. ‘जंतुनाशन’ म्हणजे बहुतेक जंतू मारणं. पण जंतूंचे बीजाणू त्यातून वाचू शकतात. ‘निर्जंतुकीकरण’ फक्त तेव्हा म्हणायचं, जेव्हा बीजाणूसुद्धा उरत नाहीत. उकळल्याने धनुर्वाताचे बीजाणू मरतीलच अशी खात्री नसते, म्हणून उकळणं हे निर्जंतुकीकरण नव्हे. सायडेक्सचंही तसंच. त्याच्या दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं ठेवलं तर उच्च दर्जाचं जंतुनाशन होतं. बीजाणू मारायला दहा तास लागतात. ‘सायडेक्समध्ये टाकलंय’ हे वाक्य ओटीत जितक्या निर्धास्तपणे बोललं जातं, तितकं निर्धास्त राहण्याजोगं ते नाही.

कुठल्या वस्तूला यातलं काय लागतं, याची साधी विभागणी अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने केली, ती आजही जगभर चालते. जे शरीराच्या निर्जंतुक भागात शिरतं, ते निर्जंतुकच हवं. जे ओल्या आतल्या त्वचेला लागतं, त्याला उच्च जंतुनाशन पुरतं. जे नुसतं धड त्वचेला लागतं, ते स्वच्छ असलं की झालं. आमची एक मावशी हे ऐकून म्हणाली, “म्हणजे देवघर, सैपाकघर नि ओसरी.” मी तेव्हापासून तिच्याच शब्दांत शिकवते.

वाफेचा इतिहास थोडक्यात आटोपते, कारण तो अनेक पुस्तकांत आहे. पाश्चरचे सहकारी चार्ल्स चेंबरलंड यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे मूळचा प्रेशर कुकरच. पुढच्या दशकात बर्लिनमध्ये बर्गमन यांनी ड्रेसिंग वाफेने निर्जंतुक करायला सुरुवात केली आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या शिमेलबुश यांच्या नावाने भोकांचा धातूचा डबा प्रसिद्ध झाला. हाच आपला ‘ड्रम’. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना त्याची भोकं उघडायची आणि बाहेर काढताच बंद करायची. दोन्हींपैकी एक तरी गोष्ट विसरली नाही अशी सिस्टर मला भेटायची आहे. भोकं बंद राहिली तर आतली हवा निघत नाही; आणि हवा अडकली की दाबाचा काटा पंधरा पौंड दाखवतो, तापमान मात्र त्यामानाने कमीच राहतं. काट्यावर विसंबणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. हवा नीट निघते का हे पाहण्यासाठी एडिंबरोच्या बोवी आणि डिक यांनी १९६३ मध्ये एक चाचणी दिली, ती आज मोठ्या रुग्णालयांत रोज सकाळी होते. पण ती हवा पंपाने ओढून घेणाऱ्या यंत्रांसाठी आहे. साध्या उभ्या ऑटोक्लेव्हवर ती करत बसण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी तपासणीच्या भीतीने तिचे कागद भरून ठेवलेले दिसतात, म्हणून हे लिहावं लागलं. तिथे बीजाणूंची चाचणी करा, रंग बदलणारी पट्टी गुंडाळीच्या बाहेर लावता तशी आतही ठेवा, आणि वही लिहा.

आता माझी एक चूक. वीसेक वर्षं मी मुलींना शिकवलं की वापरलेली उपकरणं आधी अर्धा टक्का क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवायची, मग धुवायची. प्रसूतिगृहांच्या भिंतीवर तसे तक्तेच होते. परीक्षेतही हाच प्रश्न यायचा. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची उपकरणांच्या हाताळणीवरची पुस्तिका आली, तिच्यात धुण्याआधी क्लोरीनमध्ये बुडवू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. कारणं वाचली आणि मी खजील झाले, कारण ती आमच्या मोरीत रोज दिसत होती : क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात, गंज धरतो, रक्त-घाणीत क्लोरीनची ताकदच उतरते, आणि ‘बुडवलंय ना’ या समाधानात घासणं हलकं होतं. आमच्या आर्टरींचे दाते चार-पाच वर्षांत बोथट होत, सांधे अडकत, आणि आम्ही माल हलका आहे म्हणून विकणाऱ्याला दोष देत होतो. प्रमाणीकरण म्हणजे एकदा लिहिलेला नियम दगडावर कोरणं, असा समज असेल तर हे उदाहरण पुरे व्हावं. लिहिलेला नियम बदलता येतो. ज्याच्या-त्याच्या हाताची सवय मात्र बदलायला कुठून सुरुवात करायची तेच सापडत नाही.

महागड्या यंत्रांशिवाय हे शास्त्र चालतच नाही, असं म्हणणाऱ्यांना मी दोंडाईच्याला पाठवते. धुळे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत बाजारातल्या महाग जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड वापरलं. परदेशी जाळी तेव्हा गरीब पेशंटच्या आवाक्याबाहेर होती आणि मच्छरदाणीचा तेवढाच तुकडा काही रुपयांचा. त्यांनी आणि इतर ठिकाणच्या सर्जनांनी मिळून केलेला अभ्यास २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त आला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर स्वस्त जाळी आणि महाग जाळी यांची शास्त्रशुद्ध तुलना झाली. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये ती छापून आली, आणि वर्षभरानंतर हर्निया परत होण्याच्या प्रमाणात दोघींत लक्षणीय फरक दिसला नाही.

या गोष्टीतून लोक ‘जुगाड’ तेवढा उचलतात, तेव्हा माझा जीव वरखाली होतो. दोंडाईच्याच्या मच्छरदाणीत मला दिसते ती शिस्त. पॉलिथिनच्या कुळातलं कापड १२१ अंशांची वाफ सोसतं, त्याहून जास्त उष्णतेत ते आकसतं. म्हणजे कोणतं कापड, किती धुतलेलं, किती मोठा तुकडा, कोणत्या तापमानाला, किती वेळ, हे सगळं ठरलेलं असल्याखेरीज ती जाळी कुणाच्या पोटात ठेवता येत नाही. कापड स्वस्त होतं म्हणून पद्धत ढिली चालली नसती; उलट पद्धत पक्की होती म्हणून कापड स्वस्त चाललं. खानदेशातल्या कुणाही सिस्टरने हे उदाहरण सांगताना मान थोडी ताठ ठेवायला हरकत नाही.

सेटमध्ये काय ठेवायचं, हा या पुस्तकातला सर्वांत भांडणाचा भाग ठरेल. प्रत्येक डॉक्टरांची आवड वेगळी. एकाला बॅबकॉक दोन लागतात, एकाला चार. कुणाला स्वतःचाच नीडल होल्डर हवा. त्यामुळे सेट फुगत जातो. शिकागो विद्यापीठातल्या रुग्णालयात २०१४ च्या एका अभ्यासासाठी चार विभागांतले ट्रे मोजले, तर मांडलेल्या उपकरणांपैकी प्रत्यक्ष वापरली गेलेली १३ ते २२ टक्के निघाली. उरलेली नुसती मांडली, मोजली, परत धुतली, परत बांधली. आपल्याकडे परिस्थिती उलटी असते असं काहींना वाटतं. माझा अनुभव असा की आपल्या ट्रेमध्ये नको ती चार उपकरणं असतात आणि हवं ते एक नसतं. तालुक्याच्या गावात आणखी एक तऱ्हा. भुसावळ किंवा जळगावहून येणारे सर्जन आपला सेट गाडीच्या डिकीत घेऊन फिरतात. सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या. तो सेट मध्ये कुठे धुतला, कुणी बांधला, कोणत्या ऑटोक्लेव्हमध्ये गेला, हे दुसऱ्या गावच्या सिस्टरला कळत नाही आणि विचारायला ती धजत नाही. डॉक्टरांना कसं विचारायचं? विचारायचं, अदबीने आणि दर वेळी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या तपासयादीत, चीर देण्याआधी निर्जंतुकतेची खूण पाहिली का, हा प्रश्न छापलेलाच आहे. तो कागद पुढे करा. प्रश्न तुमचा राहत नाही, कागदाचा होतो. आणि दहा दवाखान्यांनी मिळून हर्नियाच्या सेटची एकच यादी ठरवली, तर डिकीतला सेट घरी राहू शकतो. हे स्वप्न नाही; आठ डॉक्टर एका चहाला बसले की होण्यासारखं काम आहे. चहाला बसवणं तेवढं अवघड.

शस्त्रक्रियेवरच्या २०१५ च्या लॅन्सेट आयोगाने जगभरच्या तालुका-पातळीवरच्या रुग्णालयांसाठी तीन शस्त्रक्रियांचा दंडक घातला : पोट उघडून करायची शस्त्रक्रिया, सिझर, आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरवरचे उपचार. या तिन्ही जिथे होतात, तिथे बाकीचं बरंच काही होऊ शकतं. रावेरसारख्या ठिकाणी, जिथे एका अंगाला तापी, दुसऱ्या अंगाला सातपुडा, आणि अडलेली बाई भुसावळला न्यायची की बुऱ्हाणपूरला हे घरातल्या माणसांना रात्री ठरवावं लागतं, तिथे हा दंडक पुस्तकी राहत नाही. डॉक्टर मिळाला, भूलतज्ज्ञ मिळाला, रक्त मिळालं, आणि सेट तयार नाही, असं व्हायला नको.

पाण्याविषयी सांगायला हवं, कारण बाहेरच्या पुस्तकांत आमचं पाणी नसतं. रावेर-यावल पट्ट्यात केळीने भूजल खोल नेलं आहे आणि बोअरचं पाणी जड. बादलीला, किटलीला पांढरा थर धरतो, तोच थर आर्टरीच्या सांध्यातही धरतो आणि ऑटोक्लेव्हच्या तळाशीही. म्हणून शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्याने करा, असं आम्ही सुचवलं आहे. आता गल्लीगल्लीत जार मिळतो. पण एक मेख आहे. जारचं पाणी क्षारमुक्त असलं तरी निर्जंतुक नसतं. ऑटोक्लेव्हमध्ये जाणाऱ्या उपकरणाला ते चालतं, कारण पुढे वाफ आहे. सायडेक्समधून काढलेल्या लॅपरोस्कोपला ते मुळीच चालत नाही, कारण पुढे थेट पोट आहे. पाण्यात राहणारे क्षयाच्या कुळातले काही जंतू असे दुर्बिणीवरून टाक्यात उतरतात, आणि महिन्या-दीड महिन्यानं, जखम भरल्यावर, तिथे गाठ येते, पू येतो, नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. भारतात अशा केसेसवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पेशंट तोवर दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेलेला असतो, आणि मोरीतल्या बादलीपर्यंत कुणाचं बोट पोचत नाही.

मसुदा मी तीन मावशींना वाचून दाखवला. एकीने सुकवण्याच्या प्रकरणात हात घातला : कापडाने पुसून उपकरण कोरडं दिसतं, पण सांधा उघडा ठेवून जाळीवर पालथं घातल्याशिवाय आतलं पाणी जात नाही, हे तुम्ही लिहिलंच नाही. लिहिलेलं नव्हतं. आता आहे. दुसरीने विचारलं की ‘ब्रश बदलावा’ एवढंच का लिहिता, कधी बदलावा ते लिहा, नाहीतर स्टोअरमधून ब्रश मिळत नाही. तेही आता आहे. तिसरी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, की धुताना हात कापला तर काय, ते पुस्तकात पहिल्यांदा येऊ द्या, मागं नको. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, कावीळ-बीची लस हे प्रकरण म्हणून आम्ही पुढे आणलं आहे.

वाचकाने पान उलटण्याआधी एक करावं. आपल्या कपाटातली, तयार म्हणून ठेवलेली एक जुनी आर्टरी घ्यावी. सांधा पूर्ण उघडावा. ओल्या पांढऱ्या गॉजचं टोक त्या खाचेत घालून एकदा फिरवावं, आणि गॉज खिडकीपाशी उजेडात धरावा.